कोल्हीण आणि मांदेलीची डोकी

एका खाडीच्या काठी चिखलातून मुळं वर काढणाऱ्या तिवरांच्या झाडांचं दाट रान होतं आणि त्या रानात एक कोल्हीण आपल्या तीन पिलांना घेऊन राहत असे. पिलांवर तिचा भारी जीव. वैशाख आला की खाडीकाठचे बरेच प्राणी बोटाएवढी मांदेली मासळी कातळावर वाळवून पावसाळ्याची बेगमी करीत. कोल्हीणही करी. पण मुलांनो, तिच्या घराण्याची एक रीत होती. दात पक्के होईपर्यंत पिलांना मासळीचं डोकं नि काटा द्यायचा नाही! म्हणून ती एकेक सुकी मांदेली घेऊन बसे, डोकं मोडी, शेपूट मोडी, काटा ओढून काढी. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा मांदेलीतून एवढं सगळं काढल्यावर उरणार काय? कपाळ! नखाएवढी पापडी उरे. ती पिलांच्या तोंडात घालून बाकी सगळं ती चिखलात भिरकावून देई.

शेजारी एक पाणमांजरी राहत होती. बोलायला फटकळ, पण मनाची चांगली. ती अख्खी मांदेली डोक्या-काट्यासकट दगडावर घेई, पार पीठ होईपर्यंत कुटी आणि चिमूट चिमूट पेजेत कालवून आपल्या पिलांना भरवी. एके दिवशी तिला कोल्हिणीचं धाकटं पिलू दिसलं. दोन उड्या मारल्या की ते मटकन खाली बसत होतं. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "वहिनी, धाकट्याचे पाय बघितलेत का? अहो, बळ सगळं डोक्यात नि काट्यात असतं आणि तुम्ही नेमकं तेच टाकून देता. कुटून द्या. पीठ काही कुणाच्या घशात अडकत नाही."

कोल्हिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आक्का, तुमच्यात चालत असेल कचरा भरवायला! आमच्या सासूबाईंनी सात पिलं अशीच वाढवली."

"सातांतली जगली किती?" पाणमांजरीने विचारलं.

कोल्हीण तरातरा बिळात निघून गेली. सासूबाईंची दोनच जगली होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण सांगणारी पाणमांजरी पडली ना! तिचं कसं ऐकायचं? खरं सांगतो, मला अजूनही तिचा राग येतो. आणि कीवही येते.

श्रावणात अमावास्येला भरदुपारी उधाण आलं. बघता बघता रानात पाणी शिरलं. तिवरांच्या मुळांवरून उड्या मारीत पलीकडचा उंच बांध गाठायचा, एवढंच करायचं होतं. पाणमांजरीची पिलं तर पोहणारीच, पण सशाची, मुंगसाची पिलंसुद्धा टुणटुण उड्या मारीत बांधावर पोहोचली. कोल्हिणीची पिलं मात्र दुसऱ्याच मुळावर धापा टाकीत बसली. "उठा रे बाळांनो, उठा!" ती ओरडत राहिली. त्यांना उठवेना. तिने थोरल्याला तोंडात धरून बांधावर नेलं, धावत परत आली, मधल्याला नेलं. धाकटं म्हणालं, "आई, लवकर ये हं." ती जिवाच्या आकांताने परत आली, तेव्हा मुळावरून पाणी वाहत होतं. पाणमांजरीने तीनदा बुड्या मारल्या. पिलू सापडलं नाही.

ओहोटी लागली तरी कोल्हीण तिथेच बसून होती. "मी त्याला उपाशी नव्हतं ठेवलं हो, आक्का," ती रडत म्हणाली. "एकेक काटा माझ्या हाताने काढत होते मी. त्याला टोचू नये म्हणून."

 पाणमांजरी जवळ येऊन बसली. कोल्हिणीने विचारलं, "या दोघांना आता कुटून दिलं, तर होतील का हो त्यांचे पाय धड?"

"होतील थोडेफार," पाणमांजरी म्हणाली. "आधीपासून दिलं असतं तर चांगले झाले असते. पण आजपासून द्या. चला, मी दगड धरते."

तात्पर्य : लेकरावर नुसती माया असून भागत नाही, त्याच्या अंगी लागेल ते वेळेवर पोटात जावं लागतं, आणि शहाणपणाची गोष्ट शेजारणीने सांगितली म्हणून नाकारली, तर त्याची किंमत लेकराला मोजावी लागते.