तागडीतले मूल

डोंगरांच्या कुशीत वसलेल्या एका छोट्या राज्यात मृगावती नावाची राणी राज्य करीत होती. एका वर्षी साथीत तिच्या राज्यातली पुष्कळ लहान मुले दगावली. वैद्य म्हणाले, "साथ निमित्त झाली. पोरांच्या अंगात ताकदच नव्हती."

राणीने त्याच आठवड्यात वाड्याजवळ दूधघर उघडले. गरीब घरच्या आयांनी रोज यावे, स्वतःसाठी आणि मुलासाठी दूध व नाचणीचे सत्त्व न्यावे, असा हुकूम काढला.

दूधघराची व्यवस्था धोंडदेव कारभाऱ्याकडे होती. तो प्रामाणिक आणि काटकसरी होता. त्याने एक नियम सुचवला. दर पौर्णिमेला प्रत्येक मूल तागडीत बसवून तोलायचे. जे अंगाने भरले असेल, त्याच्या घरचे दूध बंद करायचे.

"सुधारलेल्याला कशाला द्यायचे, राणीसरकार? ते दूध दुसऱ्याच्या उपयोगी पडेल," तो म्हणाला.

राणीला ते पटले. तिने नियम मंजूर केला.

वर्ष सरले, पण मुले होती तशीच किडकिडीत राहिली. कारभारी म्हणाला, "या लोकांची हाडेच बारीक." राणीचे समाधान झाले नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, कुणाला न कळवता, ती कारभाऱ्याला घेऊन बुरुडांच्या वस्तीत गेली.

पहिल्याच झोपडीच्या दारात येसू नावाची बाई बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. शेजारी दुधाची वाटी होती. तिच्या लहानग्याने वाटीकडे हात नेला. येसूने त्याचा हात धरून मागे घेतला आणि वाटी उचलून फळीवर ठेवली. पोर रडलेही नाही. त्याला ते सवयीचे होते.



"पाहिलंत, सरकार?" कारभारी म्हणाला. "आपण देतो आणि आईच पोराच्या तोंडचं काढून घेते. हिचा वाटा आजच बंद करावा."

राणी पुढे झाली. "बाई, स्वतःच्या लेकराला उपाशी ठेवतेस?"

येसू उठून उभी राहिली. तिचा आवाज शांत होता. "उद्या तागडी हाय, राणीसाहेब."

"मग?"

"पोर भरलं तर दूध बंद हुतं. पोटात दुसरं हाय. मी काय खाऊ आन् त्याला काय पाजू? पल्याडच्या चिमाचं पोर भरलं हुतं. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. दूध बंद झालं. पुढच्या पुनवेपर्यंत ते पोर जगलं न्हाई. तवापासनं आम्ही पोरांना मरू देत न्हाई आन् भरूही देत न्हाई."

राणीने वस्तीवर नजर फिरवली. दारादारांत आया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कडेवर तसेच किडकिडीत मूल होते. एकीनेही येसूचे बोलणे खोडून काढले नाही.

"हा नियम कुणाचा?" राणीने विचारले.

कारभाऱ्याने मान खाली घातली. "सुचवला मी, सरकार. मंजूर आपण केलात."

राणी तिथेच मातीत बसली. मग तिने फळीवरची वाटी मागून घेतली आणि मुलाच्या ओठांना लावली. मुलाने तोंड उघडले नाही. त्याने आधी आईकडे पाहिले. दूध प्यावे की नाही, हे ते लेकरू आईला विचारत होते.

"पाज त्याला," राणी म्हणाली. "उद्या तागडी नाही. पोर भरलं म्हणून यापुढे कुणाचं दूध बंद होणार नाही. मूल रांगतं होवो, पळतं होवो, शाळेत जाईपर्यंत त्याचं आणि आईचं दूध चालू राहील."

येसूने कारभाऱ्याकडे पाहिले. त्याने मान खाली घालूनच होकार दिला. तेव्हा कुठे तिने राणीच्या हातून वाटी घेतली आणि मुलाला पाजली. मूल इतके घाईने प्यायले की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्या वस्तीतली मुले ओळखू येईनाशी झाली, इतकी गुटगुटीत झाली.

पण त्या दिवशी परतण्यापूर्वी राणी एकटीच चिमाच्या दारात गेली होती. चिमा बांबूच्या कांबी काढत बसली होती. राणीने क्षमा मागितली. चिमाने ऐकले, पण वर पाहिले नाही. कांबी काढण्याचे तिचे काम चालूच राहिले. राणी बराच वेळ तिथे उभी होती. द्यायला तिच्याजवळ काहीच नव्हते.

तात्पर्य: जी मदत सुधारणाऱ्याला शिक्षा करते, ती भूक मिटवत नाही, ती माणसाला स्वतःची भूक जपायला लावते. म्हणून मदतीचा नियम करणाऱ्याने आधी मदत घेणाऱ्याच्या दारात उभे राहून तो नियम पाहावा.