भानुदासमामाचा विणलेला सरडा

एका गावात एक भोळा मामा राहत असे. त्याचे नाव भानुदास. सांगितलेली गोष्ट तो कधीही विसरत नसे. गाव त्याला भीत असे, ते याच गुणामुळे.

त्याच्या धाकट्या बहिणीला, यमुनेला, मुलगा झाला. बाळाचे नाव कानात सांगायचे असते, असे भानुदासाने बारशाच्या दिवशी ऐकले आणि जेवायला आलेल्या सव्वाशे पाहुण्यांच्या कानात जाऊन ते सांगितले. त्यांतले दोघे बहिरे होते. त्यांना तीन तीन वेळा सांगितले. यमुनेच्या सासूबाई, म्हाळसाबाई, त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या सहा महिन्यांनी, बाळाचे उष्टावण ठरले तेव्हा.

"पहिला घास मामाच्या मांडीवर भरवायची रीत आहे, म्हणून बोलावते," त्या यमुनेला म्हणाल्या. "पण आता घोळ झाला, तर मांडी माझ्या भाच्याची. आणि पुढे जावळ असो की मुंज, तुझ्या भावाचे नाव या घरात निघायचे नाही."

यमुनेने निरोप धाडला. "दादा, या खेपेला सांभाळ. बाळ रडू लागले की दुसऱ्या कशाने राहत नाही. कुंपणावरचा सरडा दिसला की गप्प होते. खरा सरडा काही पाळण्यात ठेवता येत नाही. आत्याकडून एक विणून आण. पाळण्याच्या दांडीवर बसेल असा."

भानुदास आपल्या आत्याकडेच राहत असे. गोदूआत्याच्या क्रोशाच्या कामाची ख्याती पाच गावांत होती. परंतु आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"विणायचे तुलाच," ती म्हणाली. "मी सांगत जाईन. आधी सरडा नीट पाहा. जसा दिसेल तसा वीण."

भानुदास कुंपणापाशी जाऊन बसला. सरडा तपकिरी होता. त्याने तपकिरी लोकर घेतली. डोके विणून झाले, तोच सरडा पानांत शिरून हिरवा झाला. भानुदासाने डोके उसवले आणि हिरवी लोकर घेतली. सरडा पुन्हा दगडावर आला. भानुदासाने हिरवे डोके उसवले. दिवेलागणीपर्यंत त्याने सतरा डोकी विणली आणि सतरा उसवली. घरी आला तो नुसती सुई घेऊन.

"अरे, त्याने रंग बदलला म्हणून तू का उसवतोस?" आत्या म्हणाली. "काम एकदा सुरू केले की काही झाले तरी विणत राहायचे."

"बरे, आत्या. आता ध्यानात राहील."

आणि ते खरोखरच ध्यानात राहिले.

दुसऱ्या दिवशी डोके झाले, पोट झाले, चारही पाय झाले. मग शेपटी सुरू झाली. शेपटी ओसरीवरून अंगणात उतरली. अंगणातून बोळात गेली. बोळातली माणसे ती ओलांडून जाऊ लागली. एका म्हशीला ती ओलांडणे प्रशस्त वाटेना, म्हणून ती मागे वळली. सायंकाळी आत्या चाचपडत बाहेर आली आणि शेपटीत पाय अडकून तुळशीपाशी बसली.

"ही शेपटी आहे की विहिरीचा दोर?" बसल्या बसल्याच ती म्हणाली. "वीत भरली की थांबायचे, बाबा." तिने शेपटी वीतभर ठेवून कातरली आणि टोकाला गाठ मारली.

"बरे, आत्या. आता ध्यानात राहील."

सकाळी आत्याने त्याला पाणी आणायला पाठवले. भानुदासाने कळशीला दोर बांधला, वीतभर खाली सोडला आणि थांबला. ऊन चढले. त्याच्या मागे अकरा बायका कळशा घेऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी, दोर सोडा की," शेजारची रखमा म्हणाली.

"वीत भरली, वहिनी."

"पाणी वीस हात खाली आहे."

"मी माझ्या बाजूने वीतभर आलो आहे. आता त्याने यावे."

हे आत्याच्या कानावर गेले. "तळ गाठेपर्यंत थांबायचे नसते, वेड्या," ती म्हणाली.

"बरे, आत्या. आता ध्यानात राहील."

दुपारी कापूस भरायची वेळ आली. भानुदासाने सरडा चटईवर उभा धरला, तोंडातून कापूस घातला आणि वरून काठीने रेटू लागला. तळ गाठायचा होता. काठी शेपटीतून बाहेर आली, चटईतून खाली गेली आणि सारवलेल्या जमिनीत रुतून मोडली.

आत्याने भोक बुजवून घेतले. "कापूस थोडा थोडा भरायचा, बोटाने सरकवत, शेपटीच्या टोकापर्यंत," ती म्हणाली. "आणि हे बघ, जन्मात न केलेले काम आधी दुसऱ्या कशावर तरी करून पाहावे. मग खऱ्यावर."

"बरे, आत्या. आता ध्यानात राहील."

सरडा भरून झाला. पाटावर बसवला, तो आडवा झाला.

"लवंडला, आत्या."

"लवंडणारच. आत तार नाही. तार घातली की हवा तसा बसेल. टोके मात्र वळव. आणि बाळाला जे जे बोचेल, ते लोकरीने गुंडाळून टाक."

भानुदासाने तार घातली. सरडा बसला. पाय उचलला की उचललेला राही. मान वळवली की वळलेली राही. आत्याने त्याच्यावरून बोटे फिरवली आणि मान डोलावली. तोंड तेवढे उघडे राहिले, कारण जिभेपुरती लाल लोकर घरात नव्हती. "ती यमुनेकडे मिळेल," आत्या म्हणाली. भानुदासाने उरलेली हिरवी लोकर पिशवीत टाकली, उरलेली तार खिशात घातली आणि तो निघाला.

उष्टावणाला तो वेळेवर पोहोचला. पाय धुतले, थोरांना नमस्कार केला. यमुनेच्या जिवात जीव आला. इतक्यात बाळाचे आजोबा, दाजीबा, यांनी बाळाचा मुका घेतला आणि बाळाने टाहो फोडला.

"मामंजींच्या मिशा बोचतात त्याला," यमुना म्हणाली.

भानुदासाने ऐकून घेतले. दाजीबा झोपाळ्यावर डुलकी काढून उठले, तेव्हा त्यांच्या मिशीच्या दोन्ही बाजू हिरव्या लोकरीने घट्ट गुंडाळलेल्या होत्या. टोके वळवली होती.

म्हाळसाबाईंनी भाच्याकडे पाहिले. भाचा पाटाकडे सरकला. पण बाळाने आजोबांची हिरवी मिशी ओढली आणि ते खदखदून हसले.

"हसले म्हणून सोडते," म्हाळसाबाई म्हणाल्या. "बसा पाटावर. यापुढे एक चूक झाली की उठायचे."

भानुदास पाटावर बसला. एका मांडीवर बाळ, दुसऱ्या मांडीवर सरडा. समोर चांदीच्या वाटीत खीर आली.

"भरवा," म्हाळसाबाई म्हणाल्या.

भानुदासाने जन्मात कोणाला घास भरवला नव्हता. त्याने सरड्याचे तोंड वर केले आणि खीर थोडी थोडी, बोटाने सरकवत, शेपटीच्या टोकापर्यंत भरली. वाटी संपली.

"जमते आहे," तो म्हणाला. "आता बाळासाठी आणा."

भाचा उठून उभा राहिला. यमुनेने डोळे मिटले. तेवढ्यात बाळाने सरड्याची शेपटी पकडली आणि तोंडात घातली. शेपटीच्या गाठीतून खीर पाझरत होती. बाळ मिटक्या मारू लागले.

गुरुजींनी विचार केला. "पहिला घास मामाच्या मांडीवर पोटात गेला," ते म्हणाले. "शास्त्राची हरकत दिसत नाही."

भाचा खाली बसला. म्हाळसाबाईंनी एक निःश्वास टाकला. "असो. मुंजीलाही यालाच…" एवढे त्या बोलल्या, तोच पोट भरलेले बाळ कलंडले. भानुदासाने त्याला सरळ बसवले. ते पुन्हा कलंडले.

भानुदासाचा चेहरा उजळला.

"लवंडणारच," तो सर्वांना म्हणाला. "आत तार नाही." आणि त्याने खिशातून तारेचे वेटोळे काढले.

पुढच्या क्षणी पाटाभोवती कोणी उरले नाही. बाळ, यमुना, म्हाळसाबाई, भाचा, गुरुजी आणि हिरव्या मिशांचे दाजीबा, सारे माजघरात शिरले आणि आतून कडी लागली.

भानुदास दाराबाहेर मांडी घालून बसला. सरड्याला त्याने शेजारी नीट बसवले. बराच वेळ वाट पाहून तो मायेने म्हणाला:

"घाई नाही, यमुने. टोके मी वळवूनच घालीन."