हिंदुरावांनी चरबी उतरवली

एका गावात एक भोळा म्हैसवाला होता. नाव हिंदुराव, वय साठ. साठीच्या माणसाला गावात कोणी ‘चुकलात’ म्हणत नाही. त्यामुळे हिंदुराव कधीच चुकले नव्हते.

एकदा त्यांचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद निघालं. हिंदुरावांनी गल्लीत पेढे वाटले.

“आबा, पेढे कसले?” त्यांच्या लेकीने, सोनलने विचारलं.

“अगं, डेअरीत सातची फॅट लागली तरी शाबासकी देतात. मला दोनशे नव्वद लागली!”

“आबा, चरबी कमी असलेली चांगली! नाहीतर झटका येईल हृदयाचा.”

हिंदुराव घाबरले. चरबी कमी असलेली चांगली, हे त्यांनी पाठ केलं. दुसऱ्या दिवशी दुधात निम्मं पाणी ओतून डेअरीत गेले आणि म्हणाले, “फॅट निम्म्यावर आणलीय. मोजा.” डेअरीवाल्याने त्यांना कॅनसकट हाकललं.

मग सोनल त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“आधी पथ्य पाळा,” बाई म्हणाल्या. “जोडीला शेवाळाच्या गोळ्या देते. काहींना थोडा फायदा होतो.”

हिंदुरावांनी घरी येऊन म्हशीच्या हौदातलं शेवाळ खरवडलं आणि वाटीभर खाल्लं. दोन दिवस मुक्काम परसाकडे.

“हौदातलं नाही हो!” बाई ओरडल्या. “डबीतलं खायचं.”

हेही त्यांनी पाठ केलं. संध्याकाळी सोनलने ताटात मेथी वाढली.

“ही कुठली?”

“आपल्या शेतातली.”

“नको. हिरवं खायचं ते डबीतलं.”

शेवटी बाईंनी सावकाश समजावलं. “हिंदुराव, चरबी जिथून येते तिथेच अडवायची. रोज दोन गोळ्या, तीन महिने. एकही चुकायची नाही.”

“एवढंच ना? आधी सांगायचं की.”

तीन महिने डब्या वेळेवर रिकाम्या होत गेल्या. सोनल निश्चिंत झाली. मग रिपोर्ट आला. तीनशे चाळीस.

“खाता काय तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“आमच्या चंद्री म्हशीचं दूध. साय. तूप. आता भ्यायचं कारणच नाही.”

“आणि गोळ्या?”

“चरबी येते चंद्रीकडून. तुम्हीच म्हणालात, तिथेच अडवा. रोज दोन, पेंडीत कालवून. एक चुकवली नाही.”

हिंदुरावांना दोघींची दया आली.

“होतं असं कधीकधी,” ते म्हणाले. “रक्त तुम्ही भलत्याचंच काढलंत. चंद्री बाहेर टेम्पोत उभी आहे. सुई घेऊन चला.”