पहिली शाल

"बंद पडतो म्हणजे नेमका कधी?" अच्युतबुवांनी विचारलं.

"मध्येच, बुवा. सांगून ना सवरून. चालता चालता पडदा काळा!"

"रोज?"

"रोज. वीस-एकवीस मिनिटं झाली की संपला."

बुवा दत्तापुढच्या निरांजनासाठी वाती वळत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

उपेंद्र खांबेटे समोर चटईवर बसला होता, पण बसला होता म्हणायचं इतकंच. त्याचा एक गुडघा सारखा हलत होता. पन्नाशीला आलेला माणूस, कॉलेजात गाणं शिकवणारा, गावोगाव बैठकी करून आलेला. आणि भर दुपारी बस पकडून नदीकाठच्या मठात आला होता तो कॉम्प्युटरचं गाऱ्हाणं घेऊन. तेही कुणापुढे, तर ज्या शहाऐंशी वर्षांच्या गुरूनं जन्मात कॉम्प्युटरला बोट लावलेलं नाही, त्याच्यापुढे! पण करतो काय बिचारा? बाकीचे सगळे उंबरे झिजवून झाले होते.

"दुकानात दाखवलास?"

"दोनदा. त्यांनी दिवस दिवस चालवून पाहिला. गाणी लावली, सिनेमे लावले. हूं की चूं नाही! घरी आणला की एकविसाव्या मिनिटाला राम म्हणतो."

"मग खोट घरात आहे."

"तेच तर! वायरमन आणला, वायरी बदलल्या, स्टॅबिलायझर बसवला. टेबल पूर्वेला फिरवलं. हिनं तर त्याच्यापुढे नारळ फोडला, आता काय सांगू तुम्हाला..."

"नारळाचं काय केलंत?"

"...चटणी."

"मग काहीतरी तरी सत्कारणी लागलं म्हणायचं."

उपेंद्रला हसू आलं नाही. येणार कसं? प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हताच. प्रश्न आक्कांच्या टेपचा होता.

आक्का म्हणजे बुवांच्या गुरू. हयातभर त्यांनी आपलं गाणं कुणाला टिपू दिलं नाही. एकदाच, दत्तजयंतीला, ह्याच मठाच्या सभामंडपात कुणीतरी खांबाआड टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्यात एक राग सापडला, पाऊण तासाचा. आक्का गेल्या, त्यांच्याबरोबर गाणारे गेले, आणि जगात त्यांचा आवाज उरला तो तेवढाच. बुवा ती टेप लावतसुद्धा नसत, झिजेल म्हणून. माघात त्यांनी ती उपेंद्रच्या हातात ठेवली होती.

"जप," ते म्हणाले होते. "कॉम्प्युटरात घेशील तेव्हा एका दमात घे. मध्ये तोडू नकोस."

बुवांच्या स्वतःच्या गाण्याच्या एकशे बारा टेपा उपेंद्रनं तोवर घरच्या कॉम्प्युटरात उतरवल्या होत्या. एकट्यानं! ही शेवटची, मानाची म्हणून मागे ठेवलेली. आणि नेमकं हिच्याच वेळी यंत्र मध्येच मान टाकू लागलं. बंद पडलं की तोवरचं टिपलेलं सगळं पुसलं जायचं. पुन्हा पहिल्यापासून टेप लावायची, आणि टेप तर अशी की वाजली की तपकिरी भुकटी सांडायची. ती भुकटी म्हणजे आक्काच होत्या, दुसरं काय?

दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर का नाही केलं? केलं असतं. पण "हे सगळं मी एकट्यानं, माझ्या घरात केलं," असं भरल्या सभागृहात माइकवर सांगून बसला होता ना शहाणा!

"टेप किती वेळा लावलीस?" बुवांनी विचारलं. नजर वातीवरच होती.

उपेंद्र चटईची सुटलेली काडी उपसू लागला.

"एकदाच," तो म्हणाला.

"बरं."

बुवांनी नवा कापूस घेतला. दम्यामुळे त्यांची छाती वर-खाली होताना बारीक शीळ वाजायची.

"आधीपासून असाच आहे का तो?"

"छे! एकशे बारा टेपा झाल्या, एकदाही नाही."

"मग बिघडला कधी?"

"पाडव्यापासून."

"पाडव्याला काय झालं?"

"काही नाही."

बुवांनी पुढची वात घेतली. उपेंद्रचा गुडघा थांबला.

"म्हणजे... माझा सत्कार झाला. गुरूंचा आवाज राखला म्हणून. तुम्हालाही बोलावणं होतं, पण तुमची तब्येत..."

"शाल दिली असेल."

"दिली. चांगली जाड, काठाला जर." एवढ्या काळजीतही त्याची मान किंचित ताठ झाली. सवयच ती!

"पहिली ना?"

"हो. म्हणजे अशी मानाची, पहिलीच."

"कुणाला घातलीस?"

उपेंद्रचा हात आपल्याच खांद्याकडे गेला.

त्यांच्याकडे रीत होती. शिष्याला मिळालेली पहिली शाल गुरूच्या खांद्यावर जायची. बुवांनी आपली आक्कांना घातली होती, ह्याच मठात, भर उन्हाळ्यात. ही गोष्ट उपेंद्रनं त्यांच्याच तोंडून वीस वेळा ऐकली होती. आणि पाडव्यापासून महिना उलटून गेला, तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"घरी आहे," तो पुटपुटला.

"घरी कुठे?"

"...कॉम्प्युटरवर."

बुवांचे हात थांबले. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"धूळ बसते, बुवा!" उपेंद्र घाईघाईनं म्हणाला. "तो खालचा मोठा डबा असतो ना, त्याच्यावर पांघरली. आल्या-गेल्यालाही दिसते. आणि तुम्हीच शिकवलंत, वाद्य कधी उघडं टाकायचं नाही..."

"पेटी घे," बुवा म्हणाले.

"आत्ता?"

"घे."

कोपऱ्यात बुवांची जुनी पेटी होती, गोधडीच्या कापडाची खोळ घातलेली. उपेंद्रनं ती पुढे ओढली आणि खोळ काढायला हात घातला.

"राहू दे. तशीच वाजव."

"खोळीसकट?"

"खोळीसकट."

थट्टा चाललीय की शिक्षा, उपेंद्रला कळेना. पण गुरूचा शब्द! कापडावरूनच त्यानं षड्जाची पट्टी चाचपून दाबली, दुसऱ्या हातानं मागचा भाता ओढला. खोळीत भाता अर्धाही उघडेना. एक सूर कण्हत कण्हत निघाला आणि विरून गेला. त्यानं पुन्हा ओढला, जोर लावून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर आवाजही फुटला नाही.

"नाही वाजत, बुवा. भाता उघडतच नाही. हवा मिळाल्याशिवाय..."

तो बोलता बोलता थांबला.

"झाकून ठेव म्हणालो होतो," बुवा म्हणाले. "वाजताना?"

"पण मी वाजवतो ती बटणं उघडीच असतात! पडदाही उघडा असतो. शाल फक्त डब्यावर..."

"आणि भाता कुठे असतो त्याचा?"

त्या डब्यात पंखा होता. पाडव्याआधी तो सदान्‌कदा घूं घूं करायचा. शाल घातल्यापासून आवाज येईनासा झाला, तेव्हा बरं झालं, गाणं स्वच्छ ऐकू येतं, म्हणून हा खूश झाला होता. खूश!

"हात लावून पाहिलास कधी त्या डब्याला?"

"नाही."

"दुकानात नेलास तेव्हा शालीसकट नेलास?"

"नाही... नवी होती. मळली असती."

बुवांनी पुन्हा कापूस हातात घेतला. दुसरा कुणी असता तर पोट धरधरून हसला असता. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं उपेंद्रला वाटलं. कॉम्प्युटरचं कोडं सुटलं होतं, पण टेपचं सांगायचं राहिलंच होतं.

"बुवा..."

"हं."

"टेप एकदा नाही लावली." तो एकदम म्हणाला. "तीनदा लावली. तीनदा बंद पडला. सुरुवातीचा आवाज आता बारीक येतोय. पूर्वी आलाप कसा भरून यायचा... तो आता लांबून आल्यासारखा येतो. भुकटी पडते. आता आणखी एकदा चालली तर चालली. खोटं बोललो मी. तुम्ही टेप परत घ्याल, म्हणून..."

बुवांच्या बोटांत वळलेली वात होती. ती तुटली.

उपेंद्र मान खाली घालून बसला होता. चाळीस वर्षांचं शिकणं आज इथे संपलं, असं त्यानं मनाशी धरूनच टाकलं होतं.

"कुठे थांबल्या आक्का?" बुवांनी विचारलं.

"अंतऱ्याच्या तोंडाशी. तिन्ही वेळा तिथेच."

"पुढचं ऐकलं नाहीस?"

"नाही."

"मीही नाही... तीस वर्षं झाली."

त्यांनी तुटलेली वात बाजूला ठेवली आणि नवी वळायला घेतली.

"जा," ते म्हणाले. "लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपेंद्रनं घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि डब्यावरची शाल उचलली. पंखा घुरघुरायला लागला. इतका गोड आवाज त्यानं महिनाभरात ऐकला नव्हता. टेप लावताना दोनदा बटण चुकलं.

आक्का गायला लागल्या. आवाज लांबून येत होता, पण येत होता.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. उपेंद्रचं गाण्याकडे लक्षच नव्हतं, त्याचा डोळा घड्याळावर होता. विसाव्या मिनिटाला त्यानं श्वास रोखला. एकविसाव्याला डोळे मिटून घेतले, म्हणाला, देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, ह्या म्हातारीला आता मध्ये तोडू नकोस.

आणि आक्का अंतऱ्यात शिरल्या.

त्यानं डोळे उघडले. पडदा उजळच होता. डब्यावर तळहात ठेवला, डबा नुसता कोमट होता, आणि मागच्या जाळीतून गरम वारा त्याच्या मनगटावर येत होता. तो वारा येतोय तोवर हात काढायचा नाही, असं ठरवून उपेंद्र उरलेली चोवीस मिनिटं तसाच वाकून बसून राहिला. शेवटी टेपमध्ये कुणीतरी खोकलं, कुठेतरी कळशी वाजली आणि टेप संपली. यंत्राच्या तोंडाशी चिमूटभर भुकटी साचली होती. टेप मागे फिरवायचा त्याला धीर झाला नाही.

तिसऱ्या प्रहरी तो पुन्हा मठात होता. मोबाइलमध्ये गाणं आणलं होतं. हेडफोन त्यानं स्वतः बुवांच्या कानांवर बसवला.

बुवांनी पाऊण तास डोळे उघडले नाहीत. अंतरा आला तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. उपेंद्रही ढसाढसा रडत होता, पण ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

गाणं संपलं. बुवांनी हेडफोन काढला. छातीतली शीळ जरा वाढली होती.

"खोकला माझा आहे," ते म्हणाले. "तेव्हापासूनचा."

उपेंद्रनं डोळे पुसले. मग त्यानं पिशवीतून शाल काढली, धुऊन इस्त्री केलेली. चारही घड्या उलगडल्या. जर उन्हात चमकली.

"पहिली तुमची होती, बुवा. चुकलो. पदरात घ्या." असं म्हणत तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि शाल त्यांच्या खांद्यांभोवती घट्ट पांघरू लागला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, उपेंद्रा. मला अजून बंद पडायचं नाही."