रोक्कालूनात माणसं होती का?

“पण मेले किती?” डॉ. दिनकर शेडगे यांनी पुन्हा विचारलं.

फादर तेओदोरो मठाच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रोक्कालूना हे इटलीतल्या डोंगरावरचं गाव. जर्मन सैन्य तिथं दडलंय अशा समजुतीनं दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी ते भाजून काढलं होतं. त्या हल्ल्यावर संशोधन करायला शेडगे थेट साताऱ्याहून आले होते. लंडनची दफ्तरं त्यांनी पालथी घातली होती, इटालियन शिकून घेतली होती, आणि आपल्याला जे ठाऊक नाही ते कुणालाच ठाऊक नसणार अशी त्यांची पक्की खात्री होती. विद्वत्ता अंगात मुरली की बरी. यांची अजून वर तरंगत होती.

“आकडा कशाला हवा?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“पुस्तकासाठी.”

“आकड्यावाचून पुस्तक होत नाही?”

“फादर, वैमानिकांचा अहवाल माझ्याकडे आहे. ‘गाव उद्ध्वस्त’, एवढंच त्यात लिहिलंय. गावचे कागद त्याच आगीत जळले. त्या दिवशी इथं असलेल्यांपैकी आता तुम्ही एकटेच उरलात.”

शेडग्यांनी जाडजूड फाइल पुढे केली. म्हाताऱ्यानं ती घेतली, हातात तोलून पाहिली आणि तिनं वारा घ्यायला सुरुवात केली. उकडत होतंच.

“चांगली आहे,” ते म्हणाले.

शेडग्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एवढ्या लांबून मी चेष्टा करून घ्यायला आलो नाही!”

“मग कशाला आलास?”

“सांगितलं ना, पुस्तक...”

“पुस्तकवाले आधीही येऊन गेले. त्यांना मी खरं ते सांगितलं. त्यांची तोंडं उतरली, जेवायलासुद्धा थांबले नाहीत. तू कशाला आलास?”

शेडगे ओट्याच्या कडेला टेकले. म्हाताऱ्यानं फाइल मांडीवर ठेवून पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

“तात्यांसाठी,” शेवटी ते म्हणाले. “माझे वडील. मराठा पलटणीत वायरलेसवर होते. समोरच्या डोंगरावरून त्यांना या गावात काहीतरी चकाकताना दिसलं. जर्मन तोफा असतील म्हणून त्यांनीच वर कळवलं. मग विमानं आली.”

म्हाताऱ्याचा हात थांबला.

“त्यानंतर तात्यांनी कशाकडे म्हणून बोट दाखवलं नाही. वाट सांगायची तरी हनुवटीनं सांगतात. आता अंथरुणाला खिळलेत. मी समोर गेलो की एकच... ‘दिनू, माणसं हुती का रं त्या गावात?’”

एवढा मोठा संशोधक, पण डोळे पुसायला त्याला रुमाल सापडेना.

“खोटं सांगवत नाही, आणि खरं मला माहीत नाही. किती मेले, फादर?”

म्हाताऱ्यानं शेंगांची टोपली बाजूला सारली, शेडग्यांचा दंड धरला आणि त्यांना कठड्यापाशी नेलं.

“ते खाली ओढ्याकाठी दिसतं ते आमचं खळं. गव्हाची मळणी चालली होती. मळणीत आभाळ गडगडलं की चर्चची घंटा वाजायची आणि अख्खं गाव खळं झाकायला धावायचं. म्हातारेकोतारे, लंगडेपांगळे, सगळे. घरात राहील त्याला वर्षभर टोमणे. माझ्या आईला चालता येत नव्हतं. बाप तिला पाठुंगळी घेऊन जायचा, चादरीचं एक टोक तीही धरायची.”

“आणि त्या दिवशी?”

“बेप्पे घंटा वाजवायचा. त्यानं गडगडाट ऐकला.”

“विमानांचा?”

“बेप्पेला लांबचं दिसत नव्हतं.”

शेडग्यांनी कठडा घट्ट धरला. “म्हणजे... गावात...”

“एक बोकड राहिला होता. तोही वाचला. पुढं आमच्या पाद्र्यापेक्षा जास्त जगला.”

साप म्हणून भुई धोपटली, आणि तीसुद्धा रिकामी! शेडग्यांचा जीव भांड्यात पडला. ते तिथंच खाली बसले, आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करू लागले. म्हाताऱ्यानं त्यांना थांबवलं नाही.

“तात्या निर्दोष आहेत!” जरा वेळानं शेडगे म्हणाले.

“घरं गेली आमची,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “कितीतरी हिवाळे आम्ही गोठ्यात काढले.”

शेडग्यांचं हसू थांबलं.

“मग... दोष कुणाचा? आणि पुण्य कुणाचं? बेप्पेचं?”

“बेप्पेला आम्ही फार शिव्या घातल्या.”

“कधी?”

“खाली पोचल्यावर. आभाळ स्वच्छ होतं ना.”

शेडग्यांनी खाली खळ्याकडे पाहिलं. आता तिथं गवत माजलं होतं आणि कुणाच्या तरी कोंबड्या फिरत होत्या.

“आज फोनवर ते विचारतीलच,” शेडगे म्हणाले. “कुणब्याचा जीव, लांबण लावलेलं त्यांना खपत नाही. काय सांगू त्यांना?”

म्हाताऱ्यानं फाइल त्यांच्या हातात परत दिली.

“सांग... अख्खं गाव खळ्यावर होतं. गहू भिजला नाही.”