मठातल्या कॉम्प्युटरची मागची बाजू

"मागं काय वाजतंय रे ते?"

कौस्तुभनं मान वर केली नाही. "काही नाही, महाराज. आतला पंखा असेल."

टक्... टक्... टक्...

"पंखा असा वाजतो?"

"जुना झाला की वाजतो."

अण्णामहाराज माडीच्या दारातच उभे राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मघापासून तेच वाक्य होतं : सेटअप चालू आहे, कृपया थांबा. त्याखालचं ठिपक्यांचं कडं फिरता फिरता थांबलं होतं.

वारणेकाठच्या त्या मठात कॉम्प्युटर आहे याचंच येणाऱ्या-जाणाऱ्याला नवल वाटे. केरबाकाका त्याच्यावर समाधिस्थ झालेल्या थोरल्या महाराजांची प्रवचनं उतरवून घेत. कानाशी टेपरेकॉर्डर, आणि एका बोटानं टायपिंग. गुडघे गेल्यापासून झाडलोट, दळण, गोठा, सगळ्या सेवा सुटल्या होत्या. ही एवढी उरली होती.

यंत्र फार रेंगाळायला लागलं तेव्हा कौस्तुभ म्हणाला, "नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो. तासाभराचं काम."

बोलायला काय जातं? शहरात तो हेच काम करणाऱ्यांचा साहेब होता. मठात आला तरी त्याच्यातला साहेब काही कुठं गेला नव्हता. पांढरे कपडे घालायला लागला होता, एवढंच.

सेटअप एका जागी येऊन गोठायचा. त्यानं पेनड्राइव्ह बदलला. मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवली. केबल बदलली. पुन्हा त्याच जागी गोठला. येणारा-जाणारा डोकावून विचारी, "झालं का?" आणि तेवढ्यानं कौस्तुभचं डोकं फिरे.

मग त्याला कारण सापडलं. खरं तर माणूस सापडला.

केरबाकाका रोज सकाळी कॉम्प्युटर ओल्या फडक्यानं पुसत आणि त्याला हळदकुंकू वाहत. कॉम्प्युटरच्या डब्याच्या जाळीत कुंकू दिसलं, तसा कौस्तुभ सगळ्यांदेखत कडाडला. "काका, देव आहे का हा? पुसून पुसून आतलं बोर्ड घालवलंत तुम्ही! यापुढं हात लावू नका याला."

केरबाकाकांचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं," म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं."

मठाची एक रीत होती. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं पंगतीला बसायचं नाही, वाढायचं. दुसऱ्यानं सांगायचं नाही, ज्याचं त्यानं उठायचं. त्या संध्याकाळपासून केरबाकाका दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून वाढत होते. कौस्तुभच्या पानाशी आले की तो पानावर आडवा हात धरी. त्यांच्या हातचं त्याला नको होतं.

आणि आज सकाळी काकांनी महाराजांना सांगितलं होतं, "उद्याच्या एसटीनं भाच्याकडं जातो. हितं आता माझा उपेग न्हाई."

कौस्तुभनं ते ऐकलं होतं. तेव्हापासून त्याला काहीतरी सलत होतं, पण चिडलेलं राहिलं की ते कमी सलतं, म्हणून तो दिवसभर चिडलेलाच होता.

टक्... टक्...

"मागं काही जोडलंय का?" महाराजांनी विचारलं.

"नाही."

किती चटकन आलं ते तोंडातून!

महाराजांनी पडद्यावरच्या थांबलेल्या कड्याकडे एकदा बघितलं.

"उचल तो डबा," मग म्हणाले. "खाली मंडपात आण. तिथं लावून बघ."

"जागा बदलून काय होणार, महाराज?"

"मला काय कळतंय त्यातलं," महाराज म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

हे शब्द कुणाचे, ते कौस्तुभला लगेच आठवलं. त्याचे कान तापले.

डबा उचलायचा म्हणजे मागच्या वायरी काढायला हव्यात. त्यानं प्रिंटरची काढली. स्पीकरची काढली. शेवटची वायर टेबल आणि भिंतीमधल्या फटीत उतरली होती. तिच्या टोकाला त्याची स्वतःची हार्ड डिस्क होती. हाताला कोमट लागली.

मठात राहायला येणारा जवळचं सगळं समाधीपुढं ठेवतो. कौस्तुभनं फोन ठेवला, घड्याळ ठेवलं, अंगठी ठेवली आणि म्हणाला, संपलं. ही डिस्क ठेवली नाही. तिच्यात त्याची जुनी कामं होती, बक्षिसं घेतानाचे फोटो होते, भरल्या सभागृहातल्या टाळ्यांचे व्हिडिओ होते. दुपारी मठ लवंडला की तो माडीवर येऊन ते बघत बसे. अलीकडे डिस्क नीट उघडत नव्हती, नुसती वाजत होती.

सेटअप अडला की जास्तीचं जोडलेलं सगळं आधी काढायचं. हाताखालच्यांना तो पहिला धडा हाच द्यायचा. तो धडा त्याला या दिवसांत आठवला नव्हता असं नाही. आठवला होता, आणि त्यानं त्या फटीकडे बघायचं टाळलं होतं.

डिस्क त्यानं टेबलावर ठेवली, तिच्यावर फडकं टाकलं आणि डबा घेऊन खाली गेला.

मंडपात पानं मांडून झाली होती. कौस्तुभनं पडदा जोडला, कीबोर्ड जोडला, बटण दाबलं. सगळे भोवती गोळा झाले. ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं, नेहमीच्या जागी आलं...

आणि पुढं गेलं.

"महाराजांची कृपा!" कुणीतरी हात जोडले.

"इंजिनिअर तो इंजिनिअरच," दुसरा म्हणाला.

केरबाकाका आमटीचं भांडं खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. "बघा, म्या हात लावला न्हाई म्हणून झालं!"

अगदी मनापासून म्हणाले. टोमणा मारणं त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं.

कौस्तुभला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. जेवणं झाली असती, सकाळी एसटी आली असती, काका गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. हे त्याच्या मनात येऊन गेलं. आलं याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

तो माडीवर गेला. डिस्क घेऊन आला आणि ती महाराजांच्या पानापुढं ठेवली.

"ही जोडलेली होती मागं. वाजत होती ती हीच. बिघडलीय. सेटअप हिच्यापाशी येऊन अडत होता." त्याला मान वर करवेना. "काकांच्या फडक्यानं काही झालेलं नाही. कुंकवानंही नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी... नाही म्हणालो."

महाराजांनी डिस्क हातात घेतली.

"काय आहे हिच्यात?"

"माझं कौतुक."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

"नदीत टाकून येतो, महाराज."

"नदीनं तुझं काय वाकडं केलंय?"

कौस्तुभ वळला आणि त्यानं केरबाकाकांच्या हातातली पळी धरली. "काका, द्या. तुम्ही बसा."

काकांनी पळी सोडली नाही. "असू द्या की. चालू झालं न्हवं यंत्र? तुमी दमलाय. बसा."

"उद्या जाऊ नका, काका."

"आता कशाला जातोय! प्रवचनं कोण उतरवणार मग?"

"मग मला वाढू द्या. चूक माझी आहे." तो महाराजांकडे वळला. "सांगा ना त्यांना. रीत आहे आपली."

ती पळी त्याला फार हवी होती. पळी हातात असली की खाली बघून वाकता येतं, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे सरकता येतं, आणि कुणाला तोंड दाखवावं लागत नाही.

महाराजांनी शेजारच्या पानाकडे बोट केलं...

कौस्तुभ बसला.

केरबाकाका पंगतीच्या टोकापासून वाढत आले. गुडघ्यावर एक हात टेकून त्याच्यापुढं वाकले. भातावर पळी धरली. "वाढू न्हवं?"

कौस्तुभचा हात आपोआप पानावर आडवा गेला. डोळ्यांतलं पाणी त्या हातावर टपटपत होतं.

काका तसेच वाकून उभे राहिले.

"हात काढ," महाराज म्हणाले.