वाफेच्या तळ्यातली हाक

हंगेरीतल्या एका चिमुकल्या गावात गरम पाण्याचे झरे होते. दूरदूरचे पाहुणे तिथे यायचे, टेकडीवरचा किल्ला बघायचे, जुन्या स्नानगृहात रंगीत काचांच्या घुमटाखाली डुंबायचे. त्यांचे टॉवेल बोरिश्काची आई धुवायची. पण या हिवाळ्यात आईची बोटं मुळांसारखी वाकडी झाली. साधा चमचाही धरता येईना. मग छोटी बोरिश्काच टॉवेल धुऊ लागली.

एका धुकट सकाळी ती स्नानगृहामागच्या बागेत तळ्याकाठी आली. चहूकडे बर्फ, आणि तळ्यात मात्र गुलाबी गुलाबी कमळं! पाण्यावर चंदेरी वाफ तरंगत होती. एकही पाखरू बोलत नव्हतं.

वाफेतून एक परी उभी राहिली. इवलेसे निळे पंख, मोत्यांसारखे डोळे. पाण्यात मात्र तिचं प्रतिबिंब नव्हतं.

"एक इच्छा माग, छकुले," परी हळूच म्हणाली. "मग धुकं विरेपर्यंत गप्प उभी राहा. तळ्यातून कुणी हाक मारली, तरी ओ द्यायची नाही. दिलीस तर इच्छा गेली."

"माझ्या आईचे हात बरे होऊ देत," बोरिश्का म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

"बोरिश्का, अगं इकडे ये गं!" पाण्यातून हाक आली. थेट आईचा आवाज! ती एक पाऊल पुढे सरकली, मग थबकली. आई तर घरी होती. तळंच आवाज बदलून बोलत होतं.

धुकं विरत आलं. तेवढ्यात कमळांखालून कुणीतरी हुंदका दिला. "ताई, मी पाय घसरून पडलो. कधीचा इथेच आहे. मला बाहेर काढ ना."

हाही तळ्याचाच आवाज असेल? पण खरा असला तर?

"आले रे, बाळा! हे धर!" बोरिश्काने शाल पाण्यात सोडली. शाल जड झाली. तिने सगळं बळ लावून ओढली, आणि काठावर एक फिकट, चिमणा मुलगा आला. त्याच्या कोटाला फार जुन्या काळची चांदीची बटणं होती.

"गेली ना माझी इच्छा?" बोरिश्काला रडू फुटलं.

"मागितलेली गेली," परी म्हणाली. "आता न मागता मिळेल ते घे. या तळ्यात अडकून मीही ओ देणाऱ्याची किती वाट पाहिली!" ती गुलाबी झाली, सोनेरी झाली, आणि लख्ख उजेडात विरून गेली.

घराचं दार आईनेच उघडलं. तिची बोटं सरळ, मऊ झाली होती. "कुणाचा गं हा?"

"पाण्यात होता, आई."

आईने मुलाला चुलीपाशी बसवलं. "नाव काय रे तुझं, राजा?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "कुणी नावाने बोलावलंच नाही," तो म्हणाला. "विसरलो."

"मग आपण नवं ठेवू," आई म्हणाली आणि त्याचे ओले केस पुसू लागली.